साध्याचा अर्धा तास

माईंनी इन्सुलिनच्या पेनाची चकती दहावर आणली, नवऱ्याच्या पोटावरची चिमूट धरली आणि सुई टोचली. मनातल्या मनात दहापर्यंत मोजून सुई बाहेर काढली, टोपण लावलं, आणि शेगडीपाशी जाऊन पातेल्यावरचं झाकण उचलून पाहिलं. भाजी शिजून पाच मिनिटं होऊन गेली होती.

"अजून जरा कच्चीच आहे," त्या म्हणाल्या. "तोवर बसा."

"बरं," कुलूपवाले म्हणाले.

माईंनी झाकण परत ठेवलं, खाली नुसता दिसण्यापुरता जाळ लावला आणि हात पुसत त्या टेबलाशी नवऱ्यासमोर येऊन बसल्या. कुलूपवाल्यांनी दुकानातल्या अ‍ॅप्रनच्या मोठ्या खिशातून एक पितळी कुलूप काढून टेबलावर ठेवलं. कुलूप उघडायचा बारीक आकडा काढला. कुलूप कानाशी नेऊन हलवून पाहिलं.

"आज कोणाचं?" माईंनी विचारलं.

"दोघी बहिणी आहेत. एकाच घरात राहतात. एक कपाट आहे, त्याला दोन कुलपं. एक थोरलीचं, एक धाकटीचं."

"दोन कशाला?"

"एकीने एकटीने उघडू नये म्हणून." कुलूपवाल्यांनी मिशीवरून हात फिरवला. अलीकडे त्यांना ही सवयच लागली होती. "तर थोरलीची किल्ली हरवलीय. हे त्याच जातीचं कुलूप, आधी यावर हात बसवतोय. मला म्हणाली, उघडून द्या, पण धाकटीला सांगू नका."

माई हनुवटीला हात लावून ऐकत राहिल्या. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांचं लक्ष होतं, पण कमी.

फ्रिजच्या दारावर सुनेच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली होती. 'टोचलं की लगेच ताट.' 'लगेच'खाली दोन रेघा. माई ज्या खुर्चीवर बसत तिथून ती चिठ्ठी पाठीमागे यायची, ही सोय त्यांनीच करून घेतली होती. पूर्वी त्या समोरच्या खुर्चीवर बसायच्या.

कुलूपवाले अबोल माणूस. हजार कुलपं उघडली, पण स्वतःच्या तोंडाचं काही उघडलं नाही, असं गल्लीत त्यांच्याबद्दल म्हणायचे, आणि ते ऐकूनही ते काही बोलायचे नाहीत. लग्न झालं तेव्हा माईंना वाटलं होतं, लाजत असतील. मग वाटलं, दमत असतील. मग त्यांनी वाटून घेणं सोडलं. बावीस वर्षांपूर्वी साखरेचा आजार निघाला, इन्सुलिन सुरू झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की सुई टोचल्यावर अर्धा तास थांबायचं, मग जेवायचं. पहिले काही दिवस कुलूपवाले घड्याळाकडे बघत बसले. एवढा वेळ फुकट जातो म्हणून मग ते दुकानातून एखादं अडलेलं कुलूप वर घेऊन यायला लागले. हातात कुलूप आलं आणि तोंड उघडलं. हे कोणाचं, ते कसं हरवलं, कोण रडलं, कोण खोटं बोललं. माईंना गावभरची घरं आतून माहीत झाली, आणि नवराही थोडाफार माहीत झाला. संध्याकाळच्या जेवणाला मुलगा असे, टीव्ही असे, कोणी ना कोणी असे. दुपारचा अर्धा तास मात्र फक्त दोघांचा. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण संसार झाला तो त्या अर्ध्या तासात, असं माईंनी सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही, एवढंच.

मुलगा बोटीवर नोकरीला लागला. लग्न करून, दोन महिने राहून परत बोटीवर गेला. घरात सून उरली. ती मोठ्या दवाखान्यात परिचारिका होती. सकाळी सातला जायची, दुपारी तीनला सुटायची. चांगली मुलगी होती. माई सगळ्यांना तसंच सांगायच्या, आणि सांगून झालं की लगेच विषय बदलायच्या.

कारण कुलूपवाले तिच्याशी बोलायचे. हातात कुलूप नसताना बोलायचे.

गेल्या महिन्यात एक भलतीच गोष्ट झाली. जेवल्यानंतर दोन तासांनी यंत्राने साखर दोनशे नव्वद दाखवली. साखर अशी चढली की उतरवायला किती जादा युनिट द्यायचे, त्याचा एक जुना तक्ता माईंकडे होता. त्यांनी तो पाहिला, छोट्या बाटलीतून सिरिंजमध्ये औषध ओढलं, नखाने टिचकी मारून बुडबुडा काढला आणि चढलेल्या साखरेवर चार युनिट दिले. बावीस वर्षांत असं कितीदा तरी दिलं होतं. संध्याकाळी शेजारचा शिंपी कुलूपवाल्यांना धरून वर घेऊन आला. ते दुकानात घामाने भिजून बसले होते आणि कानस उलटी धरून घासत होते.

त्यानंतर तिघंही डॉक्टरांकडे गेली. घरी आल्यावर सुनेने टेबलावर जुनी बाटली आणि नवं पेन शेजारी शेजारी ठेवलं.

"माई, हे साधं इन्सुलिन. टोचल्यावर अर्ध्या तासाने जागं होतं. दोन-तीन तासांनी खरा जोर धरतं आणि पुढे सहा-आठ तास रेंगाळतं. साखर चढली म्हणून उतरवायला बोलावलं, तर येतं, पण उशिरा येतं. आणि आलं की लवकर जात नाही. त्या दिवशी दुपारचं अजून अंगात होतं, त्यावर आपण दुसरं दिलं."

"आपण नाही. मी दिलं."

"तुम्ही तक्त्याप्रमाणेच दिलंत. चूक तुमची नव्हती." हे ती त्या दिवसात तिसऱ्यांदा म्हणाली. "आणि हे जलद. पंधरा मिनिटांत कामाला लागतं, तासा-दीड तासात जोर, चारेक तासांत आवरून मोकळं. चढलेली साखर लवकर उतरवतं आणि मागे फारसं काही ठेवत नाही."

"म्हणजे तुझ्यासारखं," माई म्हणाल्या. "ड्युटी संपली की निघाली."

कुलूपवाले हसले. विनोद माईंचा होता, पण हसताना त्यांनी पाहिलं सुनेकडे.

मग त्यांनी पेन उचललं. चकती फिरवली. कट्, कट्, कट्. कानाशी नेऊन पुन्हा फिरवली. "कुलपासारखं वाजतं गं," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की माईंनी नजर बाटलीकडे वळवली. बाटली साधी होती. साधी म्हणजे काय वाईट, असं त्यांना कोणाला तरी विचारायचं होतं. बावीस वर्षं वेळेवर, न चुकता, हात न थरथरता जे केलं, ते साधं. आणि काल आलेलं, टकटक वाजणारं, ते जलद.

माईंना सुनेचा हेवा वाटत होता. त्यांनी त्याला दुसरं नाव दिलं नाही, कारण त्या खोटं बोलणाऱ्या बाई नव्हत्या. निदान स्वतःशी तरी नव्हत्या.

डॉक्टरांनी पंधरा दिवस वही भरायला सांगितलं होतं. जेवणाआधीची साखर, जेवणानंतर दोन तासांची साखर, किती युनिट, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. पंधराव्या दिवशी वही पाहून ते काय ते कायमचं ठरवणार होते. जुनी बाटली तोवर तिच्या डब्यात, फ्रिजच्या दारात राहिली. रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन वेगळं होतं, त्यावर कोणाचा वाद नव्हता. सकाळ-संध्याकाळच्या जेवणाला सून टोचायची. दुपार माईंची.

पहिल्या दुपारी भाजी खरोखरच कच्ची राहिली होती. माईंनी टोचलं आणि झाकण काढून पाहिलं तर वाटाणे टणक. "पाच मिनिटं," त्या म्हणाल्या. कुलूपवाल्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं, मग माईंकडे पाहिलं, आणि खिशातून कुलूप काढलं. पाचाची पंचवीस झाली. काही झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून भाजी रोज कच्ची राहायला लागली.

वहीत चमत्कार दिसायला लागला. संध्याकाळच्या जेवणानंतर एकशे पन्नास, एकशे बेचाळीस, एकशे साठ. दुपारच्या जेवणानंतर दोनशे चाळीस, दोनशे पंचावन्न, दोनशे तीस.

"दुपारीच का?" सून वही पुढे ओढून म्हणायची. "तेच इन्सुलिन, तेवढंच जेवण. काय वेगळं होतं दुपारी?"

"तुझं जलद दुपारी डुलकी काढत असेल," माई म्हणायच्या.

त्यांना आनंद व्हायचा. नवऱ्याची साखर चढलेली पाहून आनंद व्हावा, हे बरं नव्हे, हेही त्यांना कळायचं. त्या आकडे लिहायच्या ते ठसठशीत, जरा मोठ्या अक्षरात.

अकराव्या दिवशी संध्याकाळी सून बाल्कनीत जाऊन फोनवर बोलली आणि आत येऊन माईंना म्हणाली, "डॉक्टरांशी बोलले. दुपारचे दहा पुरत नाहीत असं दिसतंय. उद्यापासून बारा करा म्हणाले."

"बारा?"

"दोनच वाढवलेत. एवढ्या चढत्या साखरेला काही नाही ते." मग ती सासऱ्यांकडे वळली. "बाबा, त्या ग्लुकोजच्या गोळ्या आहेत ना खिशात? घाम आला, हात थरथरला, की लगेच तीन-चार चघळायच्या. विसरायचं नाही."

"आहेत," कुलूपवाले म्हणाले आणि त्यांनी खिशावर हात ठेवला. दोघं एकमेकांकडे बघून हसली. निदान माईंना तसं दिसलं.

बाराव्या दिवशी सकाळी माईंनी अ‍ॅप्रन धुवायला काढला. दर पंधरवड्याला धुवायचा, तेलाचे डाग आधी साबण चोळून भिजवायचे, आणि नवऱ्याला दुसरा स्वच्छ अ‍ॅप्रन घालून खाली दुकानात पाठवायचं. खिसे त्याच रिकामे करायच्या. स्क्रू निघाले, तारेचे तुकडे निघाले, एक मोडकी किल्ली निघाली. आणि खिशाच्या अगदी तळातून नारंगी गोळ्यांची अर्धी गुंडाळी निघाली, आणि तिच्यामागून चुरगळलेले रिकामे कागद. एक, दोन, तीन, चार.

माई मोरीच्या कट्ट्यावर बसल्या.

चार गुंडाळ्या, दहा-दहा गोळ्यांच्या. सुनेने माईंसमोर तर एकच दिली होती. जेवल्यावर अडीचशे साखर असणाऱ्या माणसाला साखर उतरल्याच्या गोळ्या लागतात कशाला? लागत नाहीत. पण आवडतात. बावीस वर्षं ज्या माणसाला माईंनी चमचाभर साखर मिळू दिली नव्हती, त्याला सुनेने खिशात खाऊ भरून दिला होता. आणि वर डोळे मोठे करून विचारत होती, दुपारीच का! माईंना एकदम सगळं लख्ख कळलं. म्हणूनच तो तिच्याशी बोलतो. म्हणूनच हसतो. लहान पोरसुद्धा गोळी देणाऱ्याकडेच जातं.

राग आला, आणि रागाच्या खाली गारवाही वाटला. आता दोन्ही हातांत लाडू होते. पंधराव्या दिवशी डॉक्टरांसमोर आधी वही ठेवायची आणि मग हे कागद. जलद निकामी ठरलं तरी ठीक, जलद देणारी निकामी ठरली तरी ठीक. त्यांनी कागद पुसून सरळ केले, अर्धी गुंडाळी त्यात गुंडाळली आणि फ्रिजच्या दारात, साध्याच्या डब्यात, जुन्या बाटलीखाली ठेवून दिली. तिथे दुसरं कोणी हात घालत नव्हतं.

दुपारी साडेबाराला कुलूपवाले वर आले. हात धुतले. माईंनी बोटाला टोचून यंत्रावर साखर पाहिली. एकशे अठरा. चकती फिरवली, दहाच्या पुढे दोन जास्तीचे कट् वाजले.

"भाजीला जरा वेळ आहे," त्या म्हणाल्या.

"बरं."

कुलूपवाल्यांनी तेच पितळी कुलूप काढलं. तीन दिवस ते अडून बसलं होतं. माईंना आज गोष्टीपेक्षा माणूसच जास्त न्याहाळायचा होता. खातो कधी, ते एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं.

"तर ती थोरली," ते म्हणाले. "काल परत आली होती. म्हणाली, अजून झालं नाही का. म्हटलं, तोडून देतो. तर म्हणे, तोडू नका, धाकटीला कळेल."

"मग?"

"म्हटलं, कपाटात असं आहे तरी काय. तर म्हणे, काही नाही. आईच्या चार साड्या."

आकडा कुलपात फिरत होता. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. कुलूपवाल्यांचा डावा हात खिशाकडे गेला, आत शिरला, तळाशी गेला, आणि थांबला. मग बाहेर आला. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, पण हात रिकामा होता. माईंना ते दिसलं. आज पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं की मिशीवरून हात फिरवायची सवय बारा दिवसांचीच आहे.

"चार साड्या," कुलूपवाले म्हणाले. "आणि दोन कुलपं." त्यांनी दुसऱ्या खिशात हात घातला. तिथे स्क्रू ड्रायव्हर होता. तो काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे पाहत राहिले. "ती थोरली म्हणाली, धाकटीला सांगू नका."

"ते सांगितलंत."

"हो." ते हसले. अर्धा तास होत आला होता. कपाळावर घाम चमकत होता. पंखा चालू होता. "थोरली म्हणाली, धाकटीला सांगू नका."

हात पुन्हा खिशाकडे गेला. पहिल्याच खिशाकडे. माणूस घराची किल्ली हरवली की तोच खिसा पुन्हा पुन्हा चाचपतो, तसा.

माईंना आता खरं कळलं. गोष्ट सगळी तीच होती, कागद तेच, गोळ्या त्याच, फक्त उलटी होती. टोचल्यावर दहा मिनिटांनी एक. पंधराला एक. विसाला एक. पंचविसाला एक. रोज. त्यांची भाजी कच्ची होती म्हणून.

त्या उठल्या ते खुर्ची मागे पडली. फ्रिजचं दार, साध्याचा डबा, बाटली बाजूला, कागद. चार गोळ्या त्यांनी नवऱ्याच्या ओठांपाशी नेल्या.

"चावा. चावा म्हणते ना! अहो, ऐकताय ना?"

कुलूपवाल्यांनी चावल्या. आधी सावकाश, मग जरा भराभर. हात अजून आकडा धरून थरथरत होता. माईंनी यंत्र आणलं, आपल्या पदराने त्यांचं बोट पुसलं. बावन्न.

पंधरा मिनिटं थांबून पुन्हा पाहायचं असतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्या नवऱ्याशेजारी, त्यांचा हात हातात धरून बसल्या. बावीस वर्षांत त्यांना अर्धा तास कधी पुरला नव्हता, आणि हा त्याच्या निम्मा सरता सरेना. मध्येच त्यांचं लक्ष समोर गेलं. दोन रेघा ओढलेलं 'लगेच' त्यांना आता इथून अगदी स्पष्ट दिसत होतं.

शहाऐंशी. माईंनी ताट वाढलं. भाजी फार शिजून गाळ झाली होती. कुलूपवाले मुकाट्याने जेवले. चेहऱ्यावर रंग परत आला.

"एवढं होत होतं तर सांगितलं का नाहीत?" माईंनी विचारलं. "भाजी झालेली असते, ते कळत नव्हतं तुम्हाला?"

"वास येतो की," कुलूपवाले म्हणाले.

"मग?"

त्यांनी घास गिळला. पाणी प्यायले. हातात कुलूप नव्हतं, म्हणून असेल, शब्द सापडायला वेळ लागला.

"तू बसली होतीस," ते म्हणाले.

माईंनी उठून नळ सोडला आणि धुतलेलीच वाटी पुन्हा धुतली.

"ते सांगायचं राहिलं," मागून आवाज आला. "आज सकाळी धाकटी आली होती. तिचीपण किल्ली हरवलीय. म्हणे थोरलीला सांगू नका."

माईंना हसू आलं, आणि मग ते हसू राहिलं नाही. पदराने तोंड पुसून त्यांनी नवऱ्याला आतल्या खोलीत नेऊन आडवं केलं. दुकान आज बंद, असं ठणकावून सांगितलं. आणि वही घेऊन बसल्या.

आकडे लिहिणं सोपं होतं. एकशे अठरा, बारा युनिट, बावन्न, शहाऐंशी. शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन अडलं. रकाना अरुंद होता. त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, 'टोचल्यावर मी अर्धा तास बसवून ठेवलं.' थोडं थांबल्या आणि पुढे लिहिलं, 'रोजच.'

सून साडेतीनला आली. पिशवी खुंटीला अडकवली, चपला काढल्या, हात धुतले. माईंनी वही तिच्यापुढे सरकवली आणि वर त्या चार कागदांची चळत ठेवली.

सुनेने वाचलं. परत वाचलं. ती आधी आतल्या खोलीत गेली, सासऱ्यांची नाडी पाहिली, बोट टोचून साखर पाहिली, आणि बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"एकशे दहा आहे. झोप लागलीय त्यांना." ती माईंसमोर बसली. "माई, मी बारा केले. तुमचे आकडे बघून मी फोन केला आणि बारा करून घेतले. मी! आणखी चार दिवसांनी चौदा केले असते. कळतंय का तुम्हाला काय झालं असतं?"

"कळतंय."

"मग का केलंत? कशासाठी हवा होता अर्धा तास?"

माईंना पुष्कळ उत्तरं सुचली. जुनी सवय, वय, विसरभोळेपणा. सुनेने कोणतंही मानलं असतं.

"मला हवा होता," त्या म्हणाल्या. "तुझ्याशी ते केव्हाही बोलतात. माझ्याशी तेवढाच वेळ बोलतात."

सुनेने वहीचं पान अंगठ्याने उगाच सरळ केलं. बराच वेळ केलं.

"साधं होतं तेव्हा, मला सुट्टी असली की मी आतल्या खोलीत बसायचे," शेवटी ती म्हणाली. "दार लोटलेलं असायचं. तुमचं बोलणं ऐकू यायचं. कोणाचं कुलूप, कोणाची किल्ली. माझा फोन येतो बोटीवरून, आठवड्यातून एकदा. निम्मा वेळ 'हॅलो, ऐकू येतंय का' यातच जातो." ती थांबली. "साधं बंद करा, जलद सुरू करा, असं डॉक्टरांना पहिल्यांदा मीच सुचवलं. त्यांच्यासाठी तेच बरोबर होतं, माई. दवाखान्यात कोणालाही विचारा. मुद्दाम नव्हतं."

"मी कुठे म्हटलं?"

"नाही. मीच म्हणतेय." तिने वर पाहिलं नाही. "मुद्दाम नव्हतं, असं मला वाटतं."

आतून कुलूपवाल्यांच्या घोरण्याचा बारीक आवाज येत होता. टेबलावर पितळी कुलूप तसंच पडलं होतं, आकडा आतच. माईंनी सुनेकडे नीट पाहिलं. नाकावर घामाचे थेंब, केसांना दवाखान्याचा वास, सकाळी खाल्लेल्या चार घासांवर ही पोर दुपारपर्यंत उभी होती. आपल्याला तिचा राग येतोय का, हे त्यांनी चाचपून पाहिलं. आला होता, पण बसायला त्याला जागा नव्हती.

सून उठून बाल्कनीत गेली, फोनवर हळू आवाजात सगळं बोलली. कुठेही काही लपवलं नाही. माईंनी कान देऊन ऐकलं. ती आत आली.

"डॉक्टर रागावले. मलाही." ती म्हणाली. "परत दहाच करा म्हणाले. आणि टोचलं की लगेच ताट."

"आधी ताट वाढेन, मग टोचेन," माई म्हणाल्या. त्यांनी डब्यातली जुनी बाटली काढून सुनेपुढे ठेवली. "हे तू ने दवाखान्यात. इथे दिसायला नको."

सुनेने बाटली पिशवीत ठेवली.

माईंनी पातेलं शेगडीवर चढवलं आणि तिच्यासाठी उरलेली भाजी गरम करायला ठेवली. गाळच होता, पण भूक असली की चालतो.

"बारा दिवसांनी उद्या सुट्टी ना तुझी?" त्यांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

"हो."

"मग दुपारी आमच्याबरोबर जेव. ते जेवले की कुलूप काढतील. जेवल्यावर बसायला तुझ्या डॉक्टरांची काही हरकत नसेल ना?"

"नाही."

"मग तूही बस समोर." माईंनी भाजी ढवळली, डाव पातेल्याच्या काठावर आपटला. "दहा मिनिटं. मग काहीतरी काम काढून उठायचं."

सुनेने एकदा डोळे पुसले.

"बारा?" ती म्हणाली.

"बारा नको. बाराने काय झालं ते पाहिलंस ना? दहाच."

सुनेने वही ओढली आणि उद्याच्या दुपारच्या रकान्यात आधीच लिहून ठेवलेल्या बारावर काट मारून दहा लिहिले.